खारभूमी, तिवर आणि व्याख्येतून सुटलेली पाणथळ : पार्श्वभूमी

अलिबाग-पेण पट्ट्यातली खारजमीन, म्हणजे खाडीचे पाणी अडवून मिळवलेली भातजमीन, बांधावर टिकते. मातीचा बांध भरती अडवतो, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराची) झडप ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरती चढली की पाण्याच्या दाबानेच मिटते. झडपेत लाकूड अडकले किंवा खेकड्यांनी पोखरलेल्या बांधाला उधाणात खांड (भगदाड) पडली, की भातात खारे पाणी शिरते. खांड लगेच बुजवली तर पावसाने क्षार धुऊन निघतात. पूर्वी हे काम गावकी करी. १९४८ आणि १९७९ च्या खारभूमी कायद्यांनंतर ते सरकारी योजनांवर गेले, अनेक खांडी वर्षानुवर्षे उघड्या राहिल्या आणि खाचरांत तिवर, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारे कांदळवनाचे झाड, रुजले.

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने कांदळवनाची तोड थांबवली आणि भोवतीच्या ५० मीटरांत बांधकामाला मनाई केली. २०१८ च्या अंतिम निकालाने हे संरक्षण पक्के केले. आदेश आवश्यकच होता. पण सातबारावर भातशेती आणि जागेवर तिवर, अशा जमिनींचा तिढा त्याने सुटला नाही.

खरी गफलत २०१७ च्या पाणथळ नियमांत आहे. १९७१ च्या रामसर कराराची, म्हणजे पाणथळींच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराची, व्याख्या नैसर्गिक-कृत्रिम असा भेद करत नाही. ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेले समुद्राचे पाणीही तिच्यात येते. आपल्या नियमांनी मात्र भातखाचरे तसेच मीठ, मत्स्यशेती आणि सिंचनासाठी मुद्दाम केलेल्या रचना वगळल्या. म्हणजे खारातली शेते, मिठागरे, जिताडा माशाची तळी सगळीच बाहेर. हिवाळ्यात चिखलपक्षी (चिखलात चोच खुपसून खाणारे पाणपक्षी) याच उथळ पाण्यात चरतात. शिवाय किनारा नियमन क्षेत्रातल्या (सीआरझेड) पाणथळींना हे नियम लागूच नाहीत. तिथे किनारा अधिसूचना चालते. भराव पडला की तक्रार या दारातून त्या दारात फिरते, तोवर डंपर काम उरकतात.

२०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत आली. तेव्हापासून तिवराची रोपे लावण्याचे कार्यक्रम वाढले. जागा मात्र अनेकदा चुकते. बांधामागे गाळ साचत नाही, त्यामुळे जुने खाचर बाहेरच्या चिखलापेक्षा खाली गेलेले असते. तिथे पाणी तुंबून तिवराची श्वासमुळे बुडालेली राहतात आणि रोपे गुदमरतात. म्हणून आधी पातळी मोजावी, मग खाडीचे बुजलेले फाटे मोकळे करून भरती-ओहोटी खेळती करावी. आसपास जुने तिवर असेल तर बी पाण्याबरोबर आपसूक येते. चिखलपक्ष्यांच्या उघड्या गाळावर तर रोप लावूच नये.