लष्करी जनरेटर ट्रेलर : मूळ इंजिन, बदली इंजिन आणि जतनाचा जुना वाद

कोल्हापूरच्या आसपास जतनासाठी हाती येणाऱ्या जुन्या लष्करी जनरेटर ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा एक गोष्ट सारखी असते : चासी, पाटे (स्प्रिंगा), आल्टरनेटर (ए.सी. वीज तयार करणारं यंत्र) आणि स्विचबोर्ड लष्कराचे, इंजिन मात्र उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, बसवलेलं. मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल कसं आलं आणि आता ते ठेवायचं की काढायचं, यावर इथल्या जाणकारांचं एकमत नाही. वाद समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात रेडिओ, रडार, सर्चलाइट आणि फिरती वर्कशॉपं चाकांवरच्या विजेवर चालली. अमेरिकी पीई-95 हा त्यातला नमुनेदार संच. जीपमधलं विलीज चार सिलिंडर इंजिन, 10 किलोवॅट, 60 सायकल (आजच्या भाषेत हर्ट्झ). एससीआर-299 या रेडिओ संचासाठी तो के-52 ट्रेलरमध्ये बसवलेला असे. 60 इंची सर्चलाइटचा संच वेगळ्या जातीचा : हर्क्युलीसचं सहा सिलिंडर इंजिन आणि डी.सी. वीज, कारण कार्बन कांड्यांच्या आर्कला साधारण 78 व्होल्टवर 150 अँपिअर लागायचे. युद्ध संपल्यावर या पसाऱ्यातला बराच माल परत न नेता इथेच विकला गेला आणि डिस्पोजलचा माल म्हणून देशभरच्या बाजारांत फिरू लागला.

कोल्हापूरची गरज आणि कसब दोन्ही या मालाला जुळणारी होती. ओतकाम, लेथ आणि ऑइल इंजिन जाणणारे मिस्त्री उद्यमनगरात होते. विजेची निकड तर सगळीकडेच होती : तंबूतला सिनेमा, तमाशाचे फड, यात्रा, पन्हाळ्यावरचं चित्रीकरण. कोयनेची वीज 1962 साली सुरू झाली, पण वाड्यावस्त्यांपर्यंत तारा पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. चित्रीकरणाच्या मोठ्या आर्क दिव्यांना 110 ते 120 व्होल्ट डी.सी.च लागत असे, त्यामुळे सर्चलाइटच्या जातीचा डी.सी. संच त्या कामाला थोड्या फेरफारावर चालण्यासारखा होता. ए.सी. संचांची वाट वेगळी झाली, आणि आजचा वाद त्यांच्याबद्दलच आहे.

पहिला बदल इंजिनात नव्हे, इंधनात झाला. पेट्रोल महाग, रॉकेल स्वस्त. विलीजसारखं साइड व्हॉल्व्ह इंजिन 6.48 ला 1 एवढ्या दाबाचं (कॉम्प्रेशन रेशोचं) असतं, आणि रॉकेल त्या दाबाला ठोके देतं. म्हणून हेडखाली जाड पत्र्याची किंवा दुहेरी गॅसकेट घालून दाब 5 च्या खाली आणायचा, इनलेट मॅनिफोल्ड एक्झॉस्टला चिकटवून गरम ठेवायचा आणि दोन टाक्यांना तिठ्याचा कॉक बसवायचा. सुरुवात पेट्रोलवर, इंजिन तापलं की रॉकेल, बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोल. ही शेवटची पायरी चुकली की कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहून दुसऱ्या दिवशी इंजिन सुरूच होत नसे. त्याहून वाईट म्हणजे न जळलेलं रॉकेल रिंगांवरून खाली झिरपून तेलात मिसळायचं. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं की समजायचं, तेल पातळ झालंय आणि आता बेअरिंगची पाळी. आज एखादं मूळ इंजिन सापडलं आणि त्याच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगा उडालेल्या असल्या, तर आधी हेड उतरवून गॅसकेटची जाडी बघावी. बेअरिंगा उडण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

डिझेलची बदली मात्र खरी 1973 च्या तेलटंचाईनंतर जोरात आली. 10 किलोवॅटच्या आल्टरनेटरला शाफ्टवर साधारण 16 हॉर्सपॉवर लागते, म्हणजे 1500 आरपीएमचं 20 हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडर वॉटरकूल्ड इंजिन पुरेसं. ते गावातच मिळे, सुटे भाग गावातच मिळत आणि दुरुस्तीला परगावी जावं लागत नसे. 3 किलोवॅटच्या लहान संचांना 650 आरपीएमचं जड फ्लायव्हीलवालं 6 हॉर्सपॉवरचं एक सिलिंडर इंजिन पट्ट्यावर जोडलेलंही आढळतं : इंजिनाला 24 इंची पुली, आल्टरनेटरला 10 इंची, 650 गुणिले 2.4 म्हणजे 1560, पट्ट्याची घसरण वजा जाता 1500 च्या किंचित वर. हिशेब चोख आहे. अडचण ट्रेलरची. एका सिलिंडरचा हादरा जमिनीत गाडलेल्या पायावर सोसतो, पाट्यांवर तरंगणाऱ्या चासीवर नाही. अशा ट्रेलरच्या चासीला इंजिनाच्या मागच्या बोल्टापाशी, चॅनेलच्या खालच्या पट्टीत तडा असतोच. भिंगाखाली नाही दिसला तर रॉकेल लावून पुसावं आणि खडूची पूड चोळावी. तडा असेल तिथे ओलसर रेघ उमटते.

जोडणीतला खरा कस एकबेअरिंगी आल्टरनेटरला लागतो. त्याच्या रोटरचं (फिरणाऱ्या भागाचं) मागचं टोक बेअरिंगवर आणि पुढचं टोक थेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, पातळ पोलादी चकत्यांनी टांगलेलं. इंजिन बदललं की फ्लायव्हीलचं तोंड, हाउसिंग आणि आल्टरनेटरचा सांगाडा हे तिन्ही एका मध्यावर आणणारा अडॅप्टर लेथवर काढावा लागतो. डायल गेज लावून फ्लायव्हीलच्या खाचेचा फेर 0.1 मिलिमीटरच्या आत, हाउसिंगचाही तसाच. त्यानंतर रोटर आणि स्टेटर (भोवतालचा स्थिर भाग) यांमधली फट चार बाजूंना फीलर गेजने मोजायची. चारही मापांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. हे न करता बसवलेल्या संचात रोटर एका बाजूला ओढला जातो, बेअरिंग गरम होतं आणि शेवटी रोटर स्टेटरला घासून वायंडिंग (तांब्याच्या तारांची गुंडाळी) जातं. जुन्या बदल्यांमध्ये उत्तम अडॅप्टर पाहायला मिळतात, ओतीव, कडा मोडलेले, डॉवेल पिनांसह. असा अडॅप्टर हातात घेतल्यावर त्याला ‘जुगाड’ म्हणवत नाही.

आता वाद. एक बाजू म्हणते, ट्रेलर लष्करी आहे, तर 1940 च्या दशकातल्या रूपातच उभा राहायला हवा. डिझेल काढा, विलीज किंवा जे मूळ असेल ते शोधा. ही बाजू पोकळ नाही. विलीजचे भाग महाराष्ट्रात आजही मिळू शकतात, कारण 1940 च्या दशकाच्या शेवटापासून इथे जीप जुळवल्या जात होत्या. इग्निशन पॉइंटची फट 0.5 मिलिमीटर, प्लगची 0.75, सिलिंडरांच्या फायरिंगचा क्रम 1-3-4-2 : हे आकडे जुन्या जीप मिस्त्रींना अजून तोंडपाठ आहेत. दुसरी बाजू म्हणते, लष्करात हा संच फार तर काही वर्षं होता आणि गुऱ्हाळावर किंवा मांडवात चाळीस वर्षं राबला. ती चाळीस वर्षं पुसून टाकायची कशासाठी?

ट्रेलर पाहून ठरवावं हेच खरं, पण झुकतं माप दुसऱ्या बाजूला द्यायला हवं. बदली मूळ बेडच्या भोकांवर, चासी न कापता झाली असेल, अडॅप्टर नीट असेल आणि हुकावरचं वजन एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्क्यांत बसत असेल, तर डिझेल तसंच ठेवावं. ओतीव डिझेल जड असतं. ते मागे सरकवलेलं असलं तर हुक हलका होतो आणि ओढताना ट्रेलर मागून डोलतो. चासी कापून चॅनेल जोडलेली असेल, तर मात्र दुरुस्तीच्या निमित्ताने मूळ इंजिन बसवायला हरकत नाही. ज्या संचाचं मूळ इंजिन गेलं, त्यासाठी दुसरा धडधाकट संच मोडून इंजिन काढणं ही मात्र चूक आहे, कारण एक पुरा करताना एक कायमचा संपतो. आणि मूळ आल्टरनेटरच्या कवचात नवा बाजारी आल्टरनेटर लपवणं हे जतन नव्हेच. त्यात लष्कराचाही इतिहास जातो आणि गावाचाही.

याच वादाचं धाकटं भावंड म्हणजे 60 आणि 50 सायकलचा प्रश्न. चार पोलचा 60 सायकलचा आल्टरनेटर 1800 आरपीएमचा. 1500 वर उतरवला की 50 सायकल मिळतात, पण व्होल्टेजही सहाव्या हिश्शाने पडतं : 208 व्होल्टचे 173. बारा टोकांचं वायंडिंग असेल तर ते 240/416 च्या (फेज ते न्यूट्रल/फेज ते फेज व्होल्ट) जोडणीत लावून 200/346 मिळतं. तिथून 230/400 ला ओढायचं म्हणजे लोखंडात 15 टक्के जास्त चुंबकत्व भरायचं. फिल्ड करंट (रोटरचं चुंबक तयार करणारा प्रवाह) त्याहून जास्त प्रमाणात वाढतो, पंखा हळू फिरतो आणि रोटर तापतो. म्हणून 10 किलोवॅटच्या संचावर 7 ते 8 किलोवॅटच्या वर भार देऊ नये. प्रदर्शनापुरतं चालवायचं असेल तर 1800 वरच चालवावं आणि भार म्हणून गीझरच्या कॉइल लावाव्यात. त्यांना सायकलशी देणंघेणं नसतं. स्विचबोर्डवरचा पात्यांचा फ्रिक्वेन्सी मीटर (ज्यातलं प्रत्येक पातं आपापल्या सायकलला थरथरतं) हा इथे चांगला साक्षीदार : 60 च्या आसपासच्या मोजक्या पात्यांचा मीटर 50 सायकलला निश्चल राहतो. त्यावरचं मूळ पातं कापलेलं किंवा मीटरच बदललेला दिसला, तर संच इथे 1500 वर चाललेला असणार. 400 सायकलचे संच विमान आणि रडारचे. ते घरगुती कामाला कधीच येत नव्हते, म्हणून त्यांचे आल्टरनेटर तांब्यासाठी फुटले आणि ट्रेलर तेवढे उरले.

अलीकडच्या वीस वर्षांत या ट्रेलरांवर जे गुदरलं ते आधीच्या चाळीस वर्षांहून जास्त. 2005 नंतरच्या भारनियमनात बंद पडलेले संच घाईने सुरू केले गेले, बरेचदा वायंडिंग न तपासता. 2019 आणि 2021 च्या पुरात पाण्यात गेलेल्या संचांचं नुकसान पाण्याने कमी आणि गाळाने जास्त केलं. पुराचा संच आधी गोड्या पाण्याने हलक्या दाबात धुवावा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये, जुनं व्हार्निश विरघळतं. मग बंदिस्त करून 100 वॅटचे बल्ब लावून वायंडिंग 70 अंशांच्या आसपास काही दिवस सुकवावं आणि रोज 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) नोंद घ्यावी. सुरुवातीला आकडा उलट खाली जातो, कारण आतली ओल बाहेर येत असते. तिथे घाबरून थांबायचं नाही. थंड अवस्थेत दीड मेगओहमच्या वर स्थिर झाला की चालवता येतं. कम्युटेटर आणि स्लिपरिंग (ब्रश ज्यांवर टेकतात ते फिरते भाग) काचकागदाने घासावेत, एमरीने कधीच नाही. एमरीचे कण ब्रशमध्ये रुततात आणि कम्युटेटरच्या पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या संचाचं उरलेलं चुंबकत्व गेलेलं असतं. ब्रश उचलून फिल्डला 12 व्होल्टची बॅटरी योग्य ध्रुवाने चार-पाच सेकंद दाखवली की बहुधा व्होल्टेज उभं राहतं. सेलेनियम रेक्टिफायर (ए.सी.ची डी.सी. करणारा भाग) जळाला तर त्याची वाफ विषारी, तेव्हा खोली मोकळी करावी. त्या जागी सिलिकॉन डायोड टाकताना मालिकेत रेझिस्टन्स हवा, नाहीतर व्होल्टेज चढतं.

मूळ पेट्रोल इंजिनावर परत जाणाऱ्यांपुढे आता नवी अडचण आहे ती आपल्याच भागातल्या उसाची. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आहे. ते इंजिनावरच्या जुन्या इंधन पंपाचा रबरी पडदा फुगवतं आणि कार्ब्युरेटरच्या कॉर्कच्या तरंगावरचं लाखेचं आवरण विरघळवतं. तरंग जड होऊन बुडतो, पेट्रोल वाहतं. पडदा आणि नळ्या व्हिटॉनच्या घ्याव्यात, तरंग पितळी. ऊस इथे कामालाही येतो : गंजलेली टाकी साफ करायला एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, दोन ते तीन आठवडे. लोखंडाला इजा न करता गंज सुटतो. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताच्या ओतकामाचे भाग त्यात टाकू नयेत, ते मिश्रण त्यांना खातं.

चाकांबाबत एकच सांगणं, पण ते जिवाशी गाठ असलेलं. युद्धकाळातले रिम दोन भागांचे, बोल्टांनी जोडलेले. हबचे नट आणि रिम जोडणारे नट जवळजवळ असतात. हवा भरलेली असताना रिमचे नट सैल केले तर रिम स्फोटासारखा उडतो. आधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडावी आणि रिमचे नट लाल रंगवून ठेवावेत.

आता माल बहुतेक ऑनलाइन लिलावात येतो, लॉट वजनावर, आणि बोली तांब्याच्या भावावर चढते. पाहणीच्या दिवशी रंगापेक्षा आल्टरनेटरची टोकं, डेटा प्लेट आणि चासीचा मागचा बोल्ट बघावा. टोकं कापलेली असतील तर आत तांबं नाहीच असं धरावं. रिवायंडिंग करावं लागलंच तर जुनं वायंडिंग जाळण्याआधी खाचा, पिच, आटे आणि तारेचं गेज लिहून घ्यावं, आणि भट्टी 350 अंशांच्या वर नेऊ नये. त्यावर गेलं की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि नवं तांबं भरूनही आल्टरनेटर बिनभाराचाच तापतो. भंगार म्हणून सुटलेला ट्रेलर रस्त्यावरून ओढत आणू नये, लो-बेडवर चढवावा. गेट पास आणि सुटकेचे कागद मात्र गाडीबरोबर ठेवावेत. पुढे कोणी इंजिन नंबर किंवा प्लेटवरचा नंबर जुळवायला मागितला तर तेवढाच पुरावा उरतो.