गायझर म्हणजे छोटा ज्वालामुखी नव्हे

जमिनीत एक भोक आहे. आतून गुरगुर ऐकू येते, मग काहीतरी गरमागरम उसळून वर उडतं आणि सगळीकडे वाफ पसरते. एवढं वर्णन करून "ओळखा पाहू" म्हटलं, की बहुतेक मुलं लगेच "ज्वालामुखी!" असं ओरडतात. उडतंय ते पाणी आहे असं सांगितलं, तर म्हणतात, "मग पाण्याचा ज्वालामुखी!"

हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. गायझर, म्हणजे जमिनीतून थांबून थांबून उसळणारं उकळत्या पाण्याचं नैसर्गिक कारंजं, आणि ज्वालामुखी यांचं नातं फार जवळचं आहे. पण "एक मोठा, दुसरा लहान" किंवा "एक जास्त गरम, दुसरा कमी गरम" एवढ्यावर थांबलो, तर त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट निसटून जाते. मला विचाराल तर खरा प्रश्न असा आहे: जे बाहेर पडतंय, ते आत कुठून आलं?

ज्वालामुखीचं उत्तर आहे, खोलातून. पृथ्वीच्या कवचाच्या तळाशी आणि प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, काही ठिकाणी खडक वितळतो. हा शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो, म्हणून तो वर सरकत राहतो आणि वाट सापडली की बाहेर पडतो. बाहेर आलेला लाव्हा साधारण ७०० ते १,२०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. तो थिजला की तिथे आधी नव्हती अशी जमीन तयार होते.

हे माणसांच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. १४ नोव्हेंबर १९६३ च्या सकाळी आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका बोटीवरच्या लोकांना दूरवर काळा धूर दिसला. एखादं जहाज पेटलं असावं, असं वाटून ते मदतीला निघाले. जवळ गेल्यावर कळलं की समुद्रच धुमसतो आहे. तळाशी, सुमारे १३० मीटर खोलीवर, ज्वालामुखी जागा झाला होता. दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे बेट डोकं वर काढू लागलं. त्याचं नाव सुर्तसे. उद्रेक १९६७ पर्यंत चालला. नंतर लाटांनी झिजवून त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर आणलं, तरी बेट अजून उभं आहे. कोऱ्या जमिनीवर पहिलं शेवाळ, पहिलं रोपटं, पहिला पक्षी कसा येतो हे समजावं म्हणून तिथे शास्त्रज्ञांशिवाय कोणालाही जाऊ देत नाहीत.

मेक्सिकोतली गोष्ट तर याहून नवलाची. २० फेब्रुवारी १९४३ ला दिओनिसिओ पुलिदो नावाचा शेतकरी आपल्या मक्याच्या शेतात काम करत असताना जमिनीला भेग पडली आणि तिच्यातून धूर आणि राख यायला लागली. एका दिवसात तिथे कित्येक मीटर उंच ढीग झाला. त्याचं नाव पारिकुतिन. १९५२ मध्ये तो शांत झाला, तेव्हा शेताच्या जागी सुमारे ४२४ मीटर उंचीचा डोंगर उभा होता. शेजारचं एक गाव लाव्ह्याखाली गेलं, पण तिथल्या चर्चचा मनोरा काळ्या दगडांतून आजही वर आलेला दिसतो.

आता गायझर. त्याच्याकडे खोलातून आलेलं असं फारसं काही नसतं. वर उसळणारं पाणी हे पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं. ते जमिनीत मुरतं, भेगांमधून खाली खाली जातं, तापलेल्या खडकाजवळ पोचतं आणि तिथून परत फिरतं. या फेरीला कित्येक वर्षं लागतात, कधी शेकडो वर्षंसुद्धा. म्हणजे गायझरचा फवारा पाहताना आपण फार पूर्वी पडलेला पाऊस जमिनीतून आकाशाकडे परत जाताना पाहत असतो. मला ही कल्पना इतकी आवडते की गायझरचं चित्र पाहिलं तरी आधी ढग आठवतात.

हे खरं कशावरून? अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचा गायझर आहे. त्याच्या उंचवट्यावर जुन्या झाडांचे दगडासारखे झालेले तुकडे सापडले. उकळतं पाणी सतत अंगावर पडत असेल तर तिथे झाड कसं वाढेल? तपासणीत दिसलं की ही झाडं तेराव्या-चौदाव्या शतकात वाढली होती आणि त्या काळात त्या भागात मोठा दुष्काळ पडला होता. पाऊस आटला, म्हणून गायझर अनेक दशकं गप्प बसला. ज्वालामुखीला दुष्काळाने असं मुकं करता येत नाही.

मग पाणी नुसतं उकळत बसण्याऐवजी उडतं का? गरम पाण्याचे झरे जगात पुष्कळ आहेत, पण गायझर साधारण हजारच, आणि त्यांतले निम्मे एकट्या यलोस्टोनमध्ये. कारण त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: भरपूर पाणी, खाली तापलेला खडक आणि खोल, अरुंद, भक्कम नळी. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच ठिकाणी मिळतात. नळी मात्र दुर्मिळ.

पाणी १०० अंशांना उकळतं असं आपण शिकतो. ते समुद्रसपाटीला, उघड्या भांड्यात खरं आहे. पाण्यावर दाब असेल, तर त्याला उकळायला जास्त तापावं लागतं. फक्त १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि तिथलं पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता तापू शकतं. गायझरच्या नळीत नेमकं हेच होतं. वरचं पाणी खालच्या पाण्याला दाबून धरतं. नळी अरुंद असल्याने वरचं-खालचं पाणी मोकळेपणाने मिसळत नाही, म्हणून खालची उष्णता साठत जाते. शेवटी काही बुडबुडे वर येतात आणि थोडं पाणी तोंडाबाहेर सांडतं. बस, तेवढं पुरतं! वरचं वजन घटलं की दाब घटतो आणि खालचं जास्तीचं तापलेलं पाणी एकाच वेळी उकळू लागतं. पाण्याची वाफ झाली की तिला दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. नळीत तेवढी जागा कुठली? मग वाफ आपल्या डोक्यावरचं सगळं पाणी घेऊन बाहेर झेपावते.

हे कोडं सोडवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, त्याचं नाव तुम्ही प्रयोगशाळेत ऐकलं असेल. रॉबर्ट बुन्सेन, बुन्सेन बर्नरवाला. आइसलँडमधला हेक्ला ज्वालामुखी १८४५ मध्ये फुटला आणि पुढच्या वर्षी हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ तिथे पोचला. तिथल्या मोठ्या गायझरच्या नळीत त्याने वेगवेगळ्या खोलीवर तापमापी सोडले. खाली पाणी १०० अंशांच्या वर होतं आणि तरीही उकळत नव्हतं. उकळत्या पाण्याच्या तोंडाशी उभं राहून मोजमाप करणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

आणि इथेच ज्वालामुखी पुन्हा गायझरच्या जवळ येतो. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. खोलवर दाबाखाली ते गुपचूप राहतात. शिलारस वर आला की दाब उतरतो आणि सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर जसे बुडबुडे फसफसतात तसे वायू सुटू लागतात. शिलारस पातळ असेल तर वायू सहज निसटतात आणि लाव्हा वाहत राहतो. हवाई बेटांवरचा किलाउआ बहुतेक वेळा असाच असतो. शिलारस घट्ट, चिकट असेल तर वायू आत कोंडतात आणि मग स्फोट होतो. १८ मे १९८० ला अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स पर्वताचं शिखर असंच उडालं आणि पर्वत एका सकाळीत सुमारे ४०० मीटरांनी बुटका झाला. बुडबुडे आत असतानाच थिजलेला लाव्हा म्हणजे प्यूमिस. हा दगड पाण्यावर तरंगतो.

म्हणजे उसळण्याची युक्ती दोघांची बरीचशी सारखी: दाब उतरतो, बुडबुडे फुगतात, स्फोट होतो. उसळणारा माल मात्र वेगळा.

वेळापत्रकाबद्दल मुलं हमखास विचारतात. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो आणि एका वेळी १४,००० ते ३२,००० लिटर पाणी फेकतो. आधीचा फवारा किती वेळ चालला यावरून पुढचा कधी येईल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो: थोडक्यात आटोपला तर पुढचा लवकर, लांबला तर पुढचा उशिरा. आइसलँडचा स्ट्रॉक्कुर तर दर ६ ते १० मिनिटांनी उडतो. पण सगळे गायझर असे शहाण्यासारखे वागत नाहीत. आज चालू असलेल्या गायझरांत सर्वात उंच फवारा यलोस्टोनच्या स्टीमबोटचा, ९० मीटरांहून वर. तो १९११ नंतर पन्नास वर्षं गप्प होता आणि २०१९ या एका वर्षात ४८ वेळा उडाला. उलट, ज्वालामुखी नेहमी बेभरवशाचेच असतात असंही नाही. इटलीतला स्ट्रॉम्बोली दोन हजारांहून अधिक वर्षं थोड्या थोड्या वेळाने ठिणग्या उडवत आला आहे.

हे दोघं एकमेकांच्या आयुष्यात किती ढवळाढवळ करतात, ते न्यूझीलंडमध्ये पाहावं. तिथे उष्ण झऱ्यांच्या पाण्यातल्या सिलिकाने, म्हणजे वाळूत असतं त्या खनिजाने, गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या घडवल्या होत्या. त्या पाहायला लोक जगभरातून जात. १० जून १८८६ च्या रात्री शेजारचा तारावेरा ज्वालामुखी फुटला आणि पायऱ्या लोकांच्या नजरेआड झाल्या. पण त्याच उद्रेकाने जमीन फाडली, खाली नवे मार्ग केले आणि काही वर्षांनी तिथे वाइमांगू नावाचा गायझर जन्मला. १९०० ते १९०४ या काळात त्याचे फवारे ४६० मीटरांपर्यंत जात. इतका उंच गायझर माणसाने दुसरा पाहिलेला नाही. पाणी काळं होतं, कारण त्यात चिखल आणि दगड असायचे. १९०३ मध्ये फार जवळ गेलेल्या चार जणांचा त्यात जीव गेला. पुढच्या वर्षी दरड कोसळली, भूजलाची पातळी बदलली आणि एवढा मोठा गायझर कायमचा थांबला.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक इथेच आहे. ज्वालामुखीचा उद्रेक माणसाला थांबवता येत नाही. १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याचा आवाज ४,८०० किलोमीटर दूर हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्स बेटावर ऐकू गेला. अशा शक्तीपासून लांब पळणं, एवढंच आपल्या हातात असतं. गायझर मात्र नाजूक आहे. नळी जराशी तुंबली, पाणी जरासं उतरलं, की खेळ संपला. न्यूझीलंडमधल्या वाइराकेई इथे जमिनीतल्या वाफेवर वीज करायला सुरुवात झाली आणि शेजारच्या खोऱ्यातले गायझर विझले. रोटोरुआ शहरातही गरम पाण्यासाठी इतक्या विहिरी खणल्या गेल्या की गायझर मंदावले. १९८०च्या दशकात त्यांतल्या अनेक विहिरी सक्तीने बंद केल्यावर ते पुन्हा जोर धरू लागले. यलोस्टोनच्या मॉर्निंग ग्लोरी नावाच्या निळ्या कुंडात लोकांनी इतकी नाणी आणि कचरा टाकला, की गरम पाण्याची वाट अडली आणि कुंडाचा रंग बदलला. तो हौसेने फेकलेला पैसा होता, आणि त्याने एक झरा आजारी पडला. म्हणून मुलांना गायझरबद्दल सांगताना ही गोष्ट मी कधीच गाळणार नाही. तशीच दुसरी: गायझरभोवतीची जमीन वरून घट्ट दिसली तरी पातळ पापुद्र्यासारखी असू शकते आणि खाली उकळतं पाणी असतं. लाकडी पायवाट सोडायची नाही म्हणजे नाही.

कुठे काय आहे हे ओळखण्याची परीक्षा आता तुमच्याकडे आहे: बाहेर आलेला माल खोलातून वितळून आलेला आहे, की वरूनच मुरून परत फिरलेला? तीच परीक्षा पृथ्वीबाहेर लावून पाहा. गुरूचा चंद्र आयो सोपा आहे. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानाच्या छायाचित्रांत तिथले उद्रेक दिसले, ते सरळसरळ ज्वालामुखी. शनीचा चंद्र एन्सेलाडस मात्र अवघड जातो. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडताना दिसले. पाणी म्हटल्यावर गायझर. पण हे पाणी पावसाचं नाही, तिथे पाऊस पडतच नाही. ते बर्फाच्या कवचाखालच्या खाऱ्या समुद्रातून येतं, म्हणजे खोलातून, ज्वालामुखीसारखं. उडालेले बरेचसे कण परत त्या चंद्रावर पडतात आणि उरलेल्यांपासून शनीभोवतीचं एक अख्खं कडं तयार झालं आहे. शास्त्रज्ञ त्याला कधी गायझर म्हणतात, कधी बर्फाचा ज्वालामुखी. माझं मत ज्वालामुखीच्या बाजूने पडतं, कारण आतला माल बाहेर येतो आहे. तुमचं मत गायझरच्या बाजूने असेल, तर कारण मात्र पक्कं ठेवा.