पुसला तरी परत येणारा व्हायरस

अँटीव्हायरसने व्हायरस पकडला, पुसला, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला आणि पुन्हा तीच लाल सूचना. मग आपण दुसरा अँटीव्हायरस टाकतो, तोही तेच सांगतो. व्हायरस इतका चिवट कशाने होतो, हे समजून घ्यायला नोव्हेंबर २००८ मध्ये पसरू लागलेला कॉन्फिकर अजूनही उत्तम नमुना आहे.

विंडोजमधल्या ज्या फटीतून तो नेटवर्कवरून आत शिरायचा, ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबरलाच दिला होता. ज्यांनी तो लावला नाही, त्यांच्याकडे कॉन्फिकर थेट पोहोचला. पुढे तो पेनड्राइव्हवरूनही पसरू लागला आणि ही युक्ती मात्र दाद देण्याजोगी होती. पेनड्राइव्ह लावला की ऑटोप्लेची खिडकी उघडे. तिच्यात ‘फोल्डर उघडून फाइल्स पाहा’ हा पर्याय दोनदा दिसे, दोन्हींसमोर फोल्डरचंच चित्र. खालचा खरा, वरचा कॉन्फिकरचा.

आत आल्यावर तो आधी स्वतःचा बचाव करी. विंडोज अपडेट बंद, रिस्टोर पॉइंट (विंडोज आधीच्या चांगल्या स्थितीत परत नेण्यासाठीच्या नोंदी) साफ. नंतरच्या एका आवृत्तीने तर सेफ मोडही, म्हणजे दुरुस्तीसाठी विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करायची सोय, निकामी केला. ज्या पत्त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ किंवा ‘व्हायरस’ असे शब्द येत, ती साइट उघडतच नसे. याच खोडीचा संशोधकांनी उपयोग करून घेतला. त्यांनी एका पानावर सुरक्षा कंपन्यांचे लोगो थेट त्यांच्या साइटवरून आणून मांडले. बाकीची चित्रं दिसली आणि हे लोगो तेवढे गायब असले, तर कॉन्फिकरचा दाट संशय.

खरी अडचण इथे आहे. अँटीव्हायरस साधारणपणे डिस्कवरची फाइल विंडोजकडे मागून घेतो. रूटकिट जातीचा व्हायरस नेमका या दोघांच्या मध्ये बसतो आणि स्वतःच्या फाइल्स वगळून यादी पुढे करतो. चोराच्याच हाती कंदील देऊन घराची झडती घेण्यासारखं हे आहे.

म्हणून तपासणी त्या विंडोजच्या बाहेरून करायची. आधी वायफाय आणि केबल दोन्ही बंद, नाहीतर घरातला दुसरा बाधित कॉम्प्युटर पुन्हा प्रसाद देतो. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ असतो. नेहमीचं विंडोज सुरू न करता तो साधारण १५ मिनिटांत तपासणी करतो. तो चालेनासा झाला, तर दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर रेस्क्यू डिस्क, म्हणजे विंडोजशिवाय स्वतःच सुरू होऊन तपासणी करणारी सीडी किंवा पेनड्राइव्ह, तयार करून तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करावा. मग राहिलेले अपडेट लावायचे आणि घरातला प्रत्येक पेनड्राइव्ह तपासायचा. हे शेवटचं काम हमखास राहून जातं. पासवर्डही सोपे ठेवू नयेत, कारण कॉन्फिकर ‘१२३४५६’सारखे पासवर्ड लावून शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायचा.

एवढं करूनही तो परतला, तर माझ्या मते आणखी चार टूल्स आजमावण्यापेक्षा फॉरमॅट बरं. फोटो आणि कागदपत्रं तपासून कॉपी करा, जुने सेटअप आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर सोडून द्या. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्या आधीच, दुसऱ्या एखाद्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून बदला.