पाइप वरून सडतो, आणि चिखल उकरला की तोही आंबट होतो

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे, ठाणे खाडीच्या काठाला, एका रस्त्याला भगदाड पडलं. साधा खड्डा नाही, स्कूटर आख्खी गायब होईल एवढं. खाली ड्रेनेजची जुनी मोठी लाइन होती, ती खचली आणि वरची माती हळूहळू तिच्यात वाहून गेली, वर फक्त डांबराचा पापुद्रा राहिला होता. खोदकाम दिसलं की आपले पाय थांबतातच, मीही थांबलो, तर ओळखीच्या एका इंजिनिअरने काढलेल्या पाइपचा तुकडा हातात दिला आणि म्हणाला, नख लावून बघ. लावलं. काँक्रीटमध्ये नख रुतलं राव! ओला खडू असतो ना तसं, नखात पांढरट लगदा. आणि हा तुकडा पाइपच्या तळाचा नव्हता, माथ्याचा होता. तळाचं काँक्रीट, ज्याच्यावरून इतकी वर्षं सगळी घाण वाहिली, ते हातोडीलाही दाद देत नव्हतं.

हे उलटंच वाटतं ना? घाण लागते खालच्या बाजूला आणि सडतो माथा.

तर होतं असं. सांडपाणी बंद पाइपमधून रेंगाळत जातं तेव्हा त्यातला ऑक्सिजन संपतो आणि तळाच्या बुळबुळीत थरात असे बॅक्टेरिया माजतात जे ऑक्सिजनऐवजी पाण्यातल्या सल्फेटवर श्वास काढतात. त्यातून निघतो हायड्रोजन सल्फाइड, तोच सडक्या अंड्याचा वास. हा गॅस वर उठतो, पाइपच्या माथ्यावर जी दमट ओल धरलेली असते तिच्यात विरघळतो, आणि तिथे हवा मिळते म्हणून दुसऱ्याच जातीचे बॅक्टेरिया बसलेले असतात, ते या गॅसचं सरळ सल्फ्युरिक ॲसिड करून टाकतात. नव्या काँक्रीटचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) १२-१३ असतो, या बॅक्टेरियांच्या राज्यात तो १-२ पर्यंत उतरतो, म्हणजे लिंबाच्या रसाच्याही खाली. ॲसिड आणि सिमेंटमधला चुना मिळून जिप्सम तयार होतं, माझ्या नखात आलेला लगदा तोच. १९४५ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या गटारांवर काम करणाऱ्या पार्कर नावाच्या शास्त्रज्ञाने हे बॅक्टेरियांचं कारस्थान पहिल्यांदा उघड केलं, आणि त्या बॅक्टेरियाला त्याने दिलेल्या नावाचा अर्थच मुळी काँक्रीट खाणारा असा होता. (हाच गॅस मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसांचा जीव घेतो. वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं हवा साफ झाली. २०१३ च्या कायद्याने कुणालाही सेफ्टीशिवाय असं आत उतरवायला बंदी आहे, तरी बातम्या येतच राहतात, त्यावर काय बोलायचं.)

आता आपल्या किनाऱ्याची भर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण २७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. खाडीकाठची जुनी लाइन सांध्यांतून गळकी झाली की भरतीला बाहेरचं खारं पाणी आत शिरतं आणि ओहोटीला आतली घाण बाहेर पाझरते, दिवसातून दोनदा, न चुकता. खारं पाणी आत म्हणजे बॅक्टेरियांना सल्फेटची मेजवानी, वर आपली उकाड्याची हवा. थोडक्यात, पाइप गळतो म्हणून जास्त सडतो आणि सडतो म्हणून अजून गळतो.

मग सोपा उपाय काय, पोकलेन लावा, जुना काढा, नवा टाका. शहरात रस्त्याखाली चालून जातं. पण ही लाइन पुढे तिवरांच्या जंगलातून जाते, आणि खरी गंमत तिथे आहे, कारण तिवरांच्या खालचा काळा चिखल म्हणजे पाइपच्या तळाचाच मोठा भाऊ. तिथेही ऑक्सिजन नाही, तिथेही तेच सल्फेटवाले बॅक्टेरिया, फक्त तिथे तयार झालेलं सल्फाइड चिखलातल्या लोहाशी जोडी जमवून पायराइट बनून गप्प बसतं. शेकडो वर्षं गप्प. जोवर वर पाणी आहे तोवर काही त्रास नाही. पोकलेनने तो चिखल काढून काठावर ढीग लावला, ढीग वाळला, हवा लागली की पायराइटचंही पुन्हा सल्फ्युरिक ॲसिड! पाऊस पडला की ते निथळून खाडीत. केरळात कुट्टनाडची आंबट शेतजमीन याच भानगडीसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे ॲसिडने खाल्लेला पाइप बदलायला जायचं आणि बाहेर नवं ॲसिड बनवून यायचं.

बरं, तिवराची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात, त्यांतून झाड श्वास घेतं. मशीनच्या वजनाने चिखल दबला की ती गुदमरतात, झाड लगेच पडत नाही, सावकाश वाळतं. निवट्या आणि चिंबोऱ्यांची बिळं मोडतात ती वेगळीच.

म्हणून शक्य तिथे न खोदता आतूनच दुरुस्ती करायची. १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागात एरिक वूड नावाच्या इंजिनिअरने शंभरेक वर्षं जुन्या, अंड्याच्या आकाराच्या विटांच्या गटारात ही युक्ती पहिल्यांदा केली. गोधडीसारख्या जाड फेल्टची लांबच लांब नळी घ्यायची, ती रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवायची, मॅनहोलमधून आत सोडायची, आणि सोडताना मोजा उलटा करतात तशी पाण्याच्या दाबाने उलटवत न्यायची, म्हणजे रेझिनची बाजू जुन्या पाइपला चिकटते. मग आत गरम पाणी किंवा वाफ सोडली की रेझिन कडक होतं, आणि जुन्या पाइपच्या पोटात नवा पाइप तयार, विनासांध्याचा आणि ॲसिडला भीक न घालणारा. हल्ली काचेच्या धाग्यांची नळी टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्यांची गाडी आतून फिरवूनही कडक करतात. घराघरांच्या जोडण्या या अस्तराने झाकल्या जातात, त्या नंतर आत रोबो सोडून कापून मोकळ्या करायच्या असतात. आमच्या इंजिनिअर मित्राच्या एका साइटवर एक जोडणी कापायची राहिली आणि तळमजल्यावरच्या एका काकूंच्या मोरीतून दुसऱ्या दिवशी सकाळी जे काही वर आलं त्यावर त्या आजही बोलायला तयार नाहीत.

पण ही जादू फुकट नाही. नेहमीच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते माशांना घातक, म्हणून रेझिन कडक करायला वापरलेलं गरम पाणी काम झालं की सरळ खाडीत सोडून मोकळं होता येत नाही, टँकरने उचलून न्यावं लागतं. ठेकेदाराला हे सांगायलाच लागतं, आणि सांगून थांबायचं नाही, उभं राहून बघायचं. काम चालू असताना वरून येणारी घाण पंप लावून तात्पुरत्या पाइपने पुढच्या मॅनहोलला पोचवावी लागते, तो पाइप तिवरांत निसटला की झालंच. ३० अंशाच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच लिटरला जेमतेम ६ मिलिग्रॅम विरघळतो, त्यात मैलापाणी ओतलं तर काही तासांत मासे तोंड वर काढायला लागतात.

आणि जिथे लाइन पार बसलीय, पोट खाली गेलंय, तिथे अस्तरही त्याच बाकाचं होतं, उपयोग शून्य. तिथे जुना पाइप आतून फोडत त्याच वाटेने नवा ओढून न्यायचा किंवा तिवरांच्या बाहेर दोन्ही टोकांना खड्डे घेऊन खालून बोगदा मारायचा. खर्च वाढतो, पण तिवर वाचतात. शिवाय २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने कांदळवनाभोवती, म्हणजे तिवरांच्या जंगलाभोवती, ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितलाय आणि सार्वजनिक कामासाठी तिवर तोडायची तर कोर्टाची परवानगी लागते, त्यामुळे माझ्या मते न खोदणंच शेवटी लवकर उरकतं.

इतकी काळजी कुणासाठी? ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, सुमारे १६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त तिवरं, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. इथे येणारा छोटा फ्लेमिंगो जगाच्या यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे. कुणी म्हणतं, अहो ते तर आपल्या सांडपाण्यावर वाढलेलं शेवाळ खायला येतात, गळती बंद केली तर उपाशी मरतील की! अर्धं खरं आहे. पण सांडपाण्यातलं खत आणि कच्चा मैला यात फरक आहे, आणि मुंबईत सात ठिकाणी मिळून दिवसाला २४६४ दशलक्ष लिटर शुद्ध करायचे प्लांट बांधतायत, त्यांच्यापर्यंत पाणी पोचायला आधी पाइप धड हवा.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कॅलेंडरची. पावसाळ्यात इथे काम होत नाही, आणि पाऊस संपला की नोव्हेंबर-डिसेंबरपासून पक्षी हजर, ते मेपर्यंत. म्हणजे कामाचा सीझन तोच पाहुण्यांचा. मग महिना सोडून तास बघावे लागतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की फ्लेमिंगो त्यावर चरतात, भरतीला उठून आतल्या तळ्यांवर जातात. म्हणून पंप बसवणं, गाड्या आणणं असली दणदणाटाची कामं भरतीत, आणि अस्तर ओढायचं काम ओहोटीत, कारण तेव्हा पाइपमध्ये बाहेरचं पाणी कमी घुसतं. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरतीचे, दिवस टाळायचे, भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, धरायचे.

परवा साइटवर गेलो तर इंजिनिअर मोबाइलवर टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, उघडत होता, नेटवर्क नव्हतं, गोल गोल फिरत होतं नुसतं. बाजूला होडीच्या सावलीत एक कोळी काका जाळं शिवत बसले होते. म्हणाले, आज पंचमी ना, तिथीची पाऊणपट कर, पावणेचारला पाणी भरेल. थोड्या वेळाने टेबल उघडलं. दहा मिनिटांचा फरक निघाला.