दुकानातून सार्वजनिक वायफाय: पीएम-वाणी योजनेखाली पब्लिक डेटा ऑफिस सुरू करण्याची पात्रता, कागदपत्रे आणि कार्यपद्धती

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतील एका झेरॉक्सच्या दुकानापुढे परीक्षांच्या दिवसांत संध्याकाळी मुले उभी असतात. कोणाला हॉल तिकिटाची प्रत काढायची असते, कोणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, आणि मोबाईलवरचा दिवसाचा डेटा दुपारीच संपलेला असतो. दुकानदार आपल्या मोबाईलचे हॉटस्पॉट सुरू करून देतात आणि काम झाले की बंद करतात. हीच सोय रीतसर आणि कायद्याला धरून करता यावी, तिच्यातून चार पैसेही मिळावेत, यासाठी केंद्र सरकारची एक योजना डिसेंबर २०२० पासून अस्तित्वात आहे. तिचे नाव पीएम-वाणी. ठाणे आणि नवी मुंबईतील छोट्या दुकानदारांपर्यंत तिची माहिती फार कमी पोचली आहे, आणि जी पोचली आहे तिच्यात बराच गैरसमज मिसळलेला आहे. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देत आहे.

सर्वांत मोठा गैरसमज प्रथम दूर करतो. पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजेच पीडीओ, सुरू करण्यासाठी दुकानदाराला सरकारकडे कोणताही अर्ज करावा लागत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या चौकटीत पीडीओसाठी परवाना नाही, नोंदणी नाही आणि शुल्कही नाही. त्यामुळे ‘सरकारी पीडीओ नोंदणी’ या नावाखाली कोणी पाचशे-हजार रुपये मागत असेल, तर ते पैसे सरकारच्या तिजोरीत जात नाहीत हे नक्की समजावे. वायफायचे पॅनल छतावर बसवून दरमहा भाडे आणि घरातील एकास नोकरी देण्याचे आश्वासन देणारी बनावट पत्रेही या योजनेच्या नावाने फिरली आहेत. असे पत्र आल्यास संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत त्याची नोंद करावी. पैसे आधीच गेले असतील, तर विनाविलंब १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावे.

योजनेची रचना

ज्यांनी पिवळ्या रंगाचे एसटीडी-पीसीओ पाहिले आहेत त्यांना ही रचना चटकन उमगेल. पीसीओवाल्याकडे टेलिफोन एक्सचेंज नव्हते. त्याच्याकडे जागा होती, फोन होता आणि मीटर होते. इथेही तसेच आहे. पीडीओ म्हणजे दुकानदार इंटरनेट कंपनीकडून जोडणी घेतो आणि दुकानात वायफायचे उपकरण बसवतो. ग्राहकाला वापराची परवानगी देणे, कोणी किती डेटा वापरला याचा हिशेब ठेवणे आणि पैशांची वाटणी करणे ही कामे ॲग्रीगेटर म्हणजे पीडीओए करतो. ग्राहकाची ओळख पटवणारे आणि त्याला जवळचे हॉटस्पॉट शोधून देणारे ॲप तिसरी संस्था चालवते. ॲग्रीगेटर, ॲप आणि हॉटस्पॉट या सर्वांची केंद्रीय नोंदवही सी-डॉट ही केंद्र सरकारची दूरसंचार संशोधन संस्था सांभाळते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या याच संस्थेने पुढे गावोगावच्या टेलिफोन एक्सचेंजचे तंत्रज्ञान देशात घडवले.

या मांडणीची शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च २०१७ मध्ये केली होती. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट होते. ते फार मागे राहिले, आणि त्यामागे एक ठोस कारण होते, ज्याकडे पुढे येतो.

पात्रता

पीडीओ होण्यासाठी शिक्षणाची, वयाची किंवा भांडवलाची कोणतीही विशेष अट चौकटीत नाही. किराणा दुकान, चहाची टपरी, सलून, वाचनालय, अभ्यासिका, रिक्षा थांब्यालगतचा गाळा यांपैकी कोणीही पीडीओ होऊ शकते. करार करण्यास कायद्याने सक्षम व्यक्ती, वायफाय उपकरण लावता येईल अशी जागा आणि त्या जागेपर्यंत येऊ शकणारी इंटरनेट लाईन, एवढेच पुरते.

ॲग्रीगेटर होण्याची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी लागते आणि दूरसंचार विभागाच्या सरल संचार संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. या नोंदणीलाही शुल्क नाही, आणि अर्जानंतर सात दिवसांत ती देण्याची तरतूद आहे. कंपनी स्थापनेचे प्रमाणपत्र, पॅन, आणि अर्जावर सही करणाऱ्या व्यक्तीला संचालक मंडळाने दिलेले अधिकारपत्र तयार ठेवावे. एखाद्या मोठ्या गृहसंकुलातील किंवा बाजार समितीतील होतकरू मंडळी स्वतःची कंपनी काढून हे करू शकतात. एकट्या दुकानदाराने मात्र त्या वाटेला जाण्याची गरज नाही.

कागदपत्रे

सरकार काहीच मागत नाही, मग कागदपत्रे कशाला, असा प्रश्न पडेल. ती ॲग्रीगेटर आणि इंटरनेट कंपनी या दोघांना लागतात. सामान्यतः दुकानदाराचे आधार व पॅन, बँक खात्याच्या तपशिलासाठी रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचे पहिले पान, जागेचा पुरावा म्हणून दुकानाचे वीजबिल, आणि व्यवसायाचा पुरावा म्हणून गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी मागितली जाते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. तिने व्यवसायाची ऑनलाईन सूचना द्यायची असते. त्या सूचनेची पावती हाच आपला कागद. ‘गुमास्ता नाही म्हणून होणार नाही’ असे कोणी सांगितले, तर ही पावती पुढे करावी.

गाळा भाड्याचा असेल, तर लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि मालकाचे दोन ओळींचे संमतीपत्र जोडावे. सोसायटीच्या इमारतीतील गाळ्यासाठी लाईन जिन्यातून किंवा गच्चीवरून येणार असेल, तर सोसायटीचे ना-हरकत पत्र आधीच घ्यावे. केबल ओढायला माणूस आल्यावर सचिवांना शोधत फिरण्यात दिवस जातो, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे.

कराच्या बाबतीत एक मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो मुद्दाम मांडतो. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे, तर सेवा देणाऱ्यासाठी ती मर्यादा २० लाख आहे. ४० लाखांची सवलत ‘केवळ’ माल विकणाऱ्यासाठी असल्यामुळे, ज्या किराणा दुकानाची उलाढाल समजा ३० लाख आहे आणि ज्याची नोंदणी नाही, त्याने वायफायची सेवा किंवा त्यावरील कमिशन सुरू केल्यास त्याच्या नोंदणीचा प्रश्न उभा राहू शकतो. अशा दुकानदाराने करारावर सही करण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला विचारावे. वायफायचे उत्पन्न महिन्याला काही शे रुपयांचे असेल आणि त्यापायी संपूर्ण दुकान नोंदणीच्या कक्षेत येणार असेल, तर हा हिशेब आधी मांडलेला बरा.

कार्यपद्धती आणि लाईनचा दर

पहिली पायरी ॲग्रीगेटर निवडण्याची. पीएम-वाणीच्या केंद्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत ॲग्रीगेटरांची नावे पाहता येतात. दारी आलेल्या प्रतिनिधीच्या कंपनीचे नाव त्या यादीत नसेल, तर बोलणे तिथेच थांबवावे. करारनाम्यात कोणत्या गोष्टी पाहायच्या? ग्राहकाने भरलेल्या रकमेतील दुकानदाराचा हिस्सा किती, तो किती दिवसांनी खात्यात जमा होणार, उपकरण कोणाच्या मालकीचे, ते बिघडल्यास दुरुस्ती कोणाची, आणि करार मोडायचा झाल्यास पूर्वसूचना किती दिवसांची, हे सर्व लेखी असावे. तोंडी आश्वासनावर उपकरण विकत घेऊ नये. उपकरण त्या ॲग्रीगेटरच्या यंत्रणेशी जुळणारे असावे लागते, आणि ॲग्रीगेटर बदलल्यास तेच उपकरण चालेल का, हेही विचारून घ्यावे.

दुसरी पायरी लाईनची, आणि आजवर घोडे इथेच अडत आले. वर सांगितलेल्या झेरॉक्सवाल्यांनी आपल्या भागातील एका इंटरनेट कंपनीकडे पीडीओसाठी जोडणी मागितली, तेव्हा घरगुती प्लॅन मिळणार नाही, लीज लाईनच, म्हणजे एकाच ग्राहकासाठी राखीव असलेली महागडी जोडणीच, घ्यावी लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. तिचा मासिक दर ऐकून त्यांनी कागद पुन्हा खणात ठेवला. अशा तक्रारी देशभरातून होत्या. पाच-दहा रुपयांना पॅक विकणाऱ्या माणसाला लीज लाईनचा खर्च कधीच निघणार नव्हता. ट्रायने १६ जून २०२५ रोजी दूरसंचार दर आदेशात दुरुस्ती करून ही अडचण सोडवली. तिच्यानुसार प्रत्येक इंटरनेट सेवादात्याने २०० एमबीपीएसपर्यंतचे आपले किरकोळ फायबर प्लॅन पीडीओंना दिले पाहिजेत, आणि त्यांचा दर तेवढ्याच क्षमतेच्या घरगुती प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे १०० एमबीपीएसचा घरगुती प्लॅन ७०० रुपयांना असेल, तर पीडीओकडून कर वगळता १,४०० रुपयांहून अधिक मागता येणार नाहीत.

यावरून एक साधे गणित करता येते. १०० एमबीपीएसच्या लाईनवर एकाच वेळी तीस जण असले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी तीन एमबीपीएसच्या वर वेग येतो, आणि सरकारच्या व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान दोन एमबीपीएस लागतात. गल्लीतल्या दुकानाला १०० ची लाईन पुरेशी आहे. २०० चा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याला हे गणित दाखवावे.

घरची लाईन आहेच, तिचाच पासवर्ड पैसे घेऊन दिला तर काय बिघडले, असे काही जण विचारतात. बिघडते ते असे की, त्या मार्गाने कोणी वापर केला याची नोंद कुठेही राहत नाही. त्या लाईनवरून कोणी फसवणूक केली किंवा धमकीचा संदेश पाठवला, तर पोलीस ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या दारी येतात. पीएम-वाणीत ग्राहक मोबाईल क्रमांकावर आलेल्या ओटीपीने ओळख पटवूनच आत येतो, आणि वापराच्या नोंदी वर्षभर जपण्याची जबाबदारी ॲग्रीगेटरची असते. दुकानदाराला मिळणारे हे संरक्षण मला कमिशनपेक्षाही मोलाचे वाटते.

तिसरी पायरी उपकरण बसवण्याची. आपल्याकडचे बहुतेक गाळे पत्र्याच्या किंवा शटरच्या पेटीखालचे असतात, आणि राउटर तिथेच वर टांगण्याचा मोह होतो. एप्रिल-मे महिन्यांत तिथे हात लावता येणार नाही इतका उकाडा असतो, आणि जुलैत शटरच्या फटीतून पाणी झिरपते. त्यामुळे उपकरण आतल्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीच्या वर आणि शटरपासून हातभर दूर लावावे. वीज गेल्यावरही सेवा चालू राहावी यासाठी राउटरपुरता छोटा बॅकअप पुरतो. बसवल्यानंतर ॲग्रीगेटरच्या प्रतिनिधीसमोरच स्वतःच्या मोबाईलवर ॲप घेऊन, ओटीपी टाकून, सर्वांत लहान पॅक विकत घेऊन पाहावा आणि दुकानाच्या खात्यात त्याची नोंद दिसते का ते तपासावे. ग्राहकाची पद्धतही हीच आहे. त्याने एकदा कोणत्याही नोंदणीकृत ॲपवर ओळख पटवली की, रचनेनुसार ते ॲप दुसऱ्या ॲग्रीगेटरच्या हॉटस्पॉटवरही चालले पाहिजे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून येणाऱ्या वाचकांसाठी एवढे सांगतो की, भारतनेट ही योजना निराळी आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या त्या प्रकल्पाची फायबर ग्रामपंचायतींपर्यंत जाते, आणि तिचा खर्च आता डिजिटल भारत निधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निधीतून होतो. गावातील पीडीओला त्या फायबरवरील जोडणीही घेता येते. महापालिका हद्दीतील रहिवाशांसाठी भारतनेटचा कोणताही अर्ज नाही.

इंटरनेट कंपनीने दुपटीहून अधिक दर सांगितला किंवा जोडणी नाकारली, तर नकार लेखी किंवा ईमेलने मागावा. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा, आणि तक्रारीसोबत कंपनीचे घरगुती दरपत्रक व ट्रायच्या आदेशाची प्रत जोडावी. मुदतीत निवारण झाले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींवर निवाडा देत नाही. त्यामुळे अपिलानंतरची दाद दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे मागावी, आणि तिथे डॉकेट क्रमांक व अपिलाची पोच या दोन्ही गोष्टी लागतात.