लिनक्स हँडहेल्ड

लिनक्स कर्नलवर (प्रणालीच्या गाभ्यावर) चालणारा, हातात धरून लेखणीने किंवा अंगठ्यांनी वापरता येणारा, बॅटरीवरचा सर्वसाधारण उपयोगाचा लहान संगणक. यातली ‘सर्वसाधारण उपयोगाचा’ ही अट महत्त्वाची आहे. राउटरमध्ये आणि दूरचित्रवाणी संचातही लिनक्स असतो; पण मालकाला त्यावर स्वतःचा प्रोग्रॅम चढवता येत नसेल, तर ते यंत्र या वर्गात धरत नाहीत. अँड्रॉइडबद्दल मतभेद आहेत. २००८ पासून बाजारात असलेल्या या प्रणालीचा कर्नल लिनक्सचाच आहे. मात्र तिची सी लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूलभूत सोयींचा संच (बायोनिक), पडद्यावर चित्र काढण्याची यंत्रणा आणि पॅकेजची पद्धत वेगळी असल्याने डेस्कटॉप लिनक्ससाठी लिहिलेला प्रोग्रॅम नुसता पुन्हा कंपाइल करून (यंत्रभाषेत उतरवून) तिथे चालत नाही. कर्नल हीच एकमेव कसोटी मानली, तर जगातले बहुसंख्य फोन लिनक्स हँडहेल्ड ठरतील आणि संज्ञेला काही अर्थ उरणार नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत अँड्रॉइड वगळला आहे.

पहिला कोणता? : या प्रश्नाचे उत्तर ‘पहिला’ म्हणजे काय यावर ठरते, आणि संदर्भग्रंथांत त्यामुळे वेगवेगळी नावे आढळतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेला कर्नल इंटेल ८०३८६ साठी होता आणि त्याने प्रोसेसरमधील मेमरी व्यवस्थापन घटक (एमएमयू) गृहीत धरला होता. प्रत्येक प्रोग्रॅमला आपली स्वतंत्र मेमरी आहे असे भासवण्याचे काम हा घटक करतो. नव्वदीच्या दशकातल्या खिशातल्या अनेक संगणकांत तो नसे. पाम पायलटमधला मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर तसाच होता. १९९८ च्या सुरुवातीस याच प्रोसेसरसाठी ‘यूसी-लिनक्स’ ही एमएमयूशिवाय चालणारी आवृत्ती निघाली. ‘पामवर लिनक्स चालला’ हे विधान तिच्याबद्दलचे आहे. पण त्या आवृत्तीत ‘फोर्क’ ही नवी प्रक्रिया जन्माला घालण्याची मूळची सोय नव्हती, आणि एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मेमरीत शिरून सगळे यंत्र बंद पाडू शकत असे. तिला पूर्ण अर्थाने लिनक्स म्हणावे का, हा वाद तेव्हापासूनचा.

दुसरा दावा ‘इत्सी’चा. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळांत (१९९८ मध्ये ही कंपनी कॉम्पॅकने विकत घेतली) हा संशोधनासाठीचा खिशातला संगणक तयार झाला. त्यात डिजिटलनेच विकसित केलेला स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता. वीज अगदी थोडी खायची आणि तरीही एमएमयू बाळगायचा, हे स्ट्राँगआर्मने साधले. पुढच्या पाच-सहा वर्षांतल्या बहुतेक लिनक्स हँडहेल्डचे मूळ या एका गोष्टीत आहे. त्यामानाने इतर कारणे दुय्यम वाटतात. इत्सी मात्र कधीच विक्रीला आला नाही.

तिसऱ्या गटात मूळ प्रणाली बाजूला सारून लिनक्स चढवलेली यंत्रे येतात. सायन ५ या यंत्रावर त्याच्या ईपॉक प्रणालीतूनच लिनक्स सुरू करण्याची युक्ती होती. मूळ प्रणाली रॉममध्ये कायमची असल्याने रीसेट करताच ती परत येई. २००० मध्ये आलेल्या कॉम्पॅक आयपॅक एच-३६०० वर त्याच कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील प्रयोगशाळेने लिनक्स आणला. येथे फ्लॅशमधली (वीज गेली तरी मजकूर राखणाऱ्या मेमरीतली) विंडोज सीई ही मूळ प्रणाली पुसून आधी नवा बूटलोडर (यंत्र चालू होताच प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आणि मग लिनक्स बसवावा लागे. बूटलोडर लिहिला जात असताना वीज गेली, तर सामान्य मालकाच्या हाती यंत्र जिवंत करण्याचा उपाय उरत नसे. जिम गेटिस आणि कीथ पॅकार्ड हे एक्स विंडो या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीचे जाणकार याच प्रयोगशाळेशी संबंधित होते. पॅकार्ड यांचा छोटेखानी एक्स सर्व्हर आणि ‘फॅमिलिअर’ नावाचे वितरण (कर्नल आणि प्रोग्रॅम यांचा तयार संच) यांमुळे १६ एमबी फ्लॅशमध्ये खिडक्यांसह संपूर्ण लिनक्स मावू लागला.

कारखान्यातूनच लिनक्स घालून विकलेले पहिले यंत्र म्हणून काही जण कोरियाच्या जी-मेट कंपनीचा योपी सांगतात, तर काही अजेंडा व्हीआर-३. योपीचा गाजावाजा आधी झाला, पण सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती अजेंडा २००१ च्या सुमारास आधी पडला असे दिसते. म्हणून या अर्थाने अजेंडालाच झुकते माप देणे रास्त ठरेल. त्यात ६६ मेगाहर्ट्‌झचा मिप्स प्रोसेसर, ८ एमबी रॅम आणि १६ एमबी फ्लॅश होती. रॅम इतकी तुटपुंजी, की प्रोग्रॅम फ्लॅशमधून उचलून रॅममध्ये न आणता जागच्या जागी चालवावे लागत.

झौरस आणि मेमरीची वाटणी : शार्पच्या झौरस मालिकेतला एसएल-५५०० (२००२) हा मोठ्या कंपनीने लिनक्ससह विकलेला पहिला गाजलेला हँडहेल्ड होय. विकसकांसाठीचा एसएल-५०००डी त्याच्या थोडा आधीचा. प्रोसेसर २०६ मेगाहर्ट्‌झचा स्ट्राँगआर्म, रॅम ६४ एमबी, पडद्यावर नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचे ‘क्यूटोपिया’ हे चित्रमय माध्यम आणि सरकवून उघडायचा बारीक कीबोर्ड. रॅमचा एक भाग कामासाठी आणि दुसरा फाइली ठेवण्यासाठी, अशी त्यात वाटणी होती. बॅटरी पूर्ण उतरली की दुसऱ्या भागातल्या फाइलीही जात. ‘ओपनझौरस’ या पर्यायी वितरणाचे कर्नल म्हणूनच ‘६४-०’, ‘४८-१६’, ‘३२-३२’ अशा नावांनी मिळत. पहिला आकडा कामाच्या रॅमचा, दुसरा साठवणीचा. ‘६४-०’ घेणाऱ्याने फाइली कार्डावर ठेवायच्या. वाटणी कर्नलमध्येच पक्की केलेली असल्याने मत बदलले की पुन्हा फ्लॅश करणे आले. आपल्या यंत्राची मेमरी कशी वाटायची हा निर्णय असा मालकाच्या हाती होता.

रॅमवरचे अवलंबित्व कमी केले ते जेएफएफएस-२ या फाइल प्रणालीने. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीच्या जेएफएफएसवरून डेव्हिड वुडहाउस यांनी ती २००१ च्या सुमारास रेड हॅटमध्ये विकसित केली. ती फाइली दाबून साठवते आणि फ्लॅशचे सगळे कप्पे सारखेच झिजतील असे पाहते. वीज अचानक गेली तरी फाइल प्रणाली सहसा कोलमडत नाही. फ्लॅश भरत आली की ती मंदावते आणि माउंट व्हायला (सुरुवातीला वापरासाठी जोडली जायला) वेळ घेते, हा तिचा दोष वापरणाऱ्यांना लवकरच कळला.

झौरसच्या पुढच्या सी मालिकेत (२००२ पासून) ६४० × ४८० बिंदूंचा ३.७ इंची पडदा आणि लॅपटॉपसारखी घडी आली. २००४ च्या सी-३००० मध्ये ४ जीबीची चिमुकली हार्ड डिस्क होती. ही मालिका मुख्यतः जपानमध्येच विकली गेली, त्यामुळे बाहेरच्या मालकाचे पहिले काम जपानी मेनू बदलण्याचे असे. ओपनझौरसच्या बांधणीपद्धतीतून २००३ मध्ये ‘ओपनएम्बेडेड’ हा प्रकल्प वाढला आणि पुढे ‘योक्टो’ या औद्योगिक प्रकल्पाने त्याचाच पाया घेतला. यंत्रे अडगळीत गेली, पण त्यांच्यासाठी घडवलेली अवजारे आज कारखान्यांत वापरात आहेत.

सिम्प्युटर : बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक व एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी मिळून हा प्रकल्प हाती घेतला. नमुना २००१ मध्ये दाखवण्यात आला. लिनक्स आणि स्ट्राँगआर्म येथेही होतेच. वेगळेपण होते ते स्मार्टकार्डात. एकच यंत्र अनेकांनी वापरावे आणि ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या कार्डावर राहावी, ही कल्पना. वाचता न येणाऱ्यासाठी मजकूर बोलून दाखवणारी ‘ध्वनी’ ही प्रणाली याच प्रयत्नातली. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा सिम्प्युटर’ विक्रीस आला. यंत्र हलवून किंवा वळवून आज्ञा देण्याची सोय त्यात होती. स्मार्टफोनमध्ये ती पुढे काही वर्षांनी सर्रास झाली. अपेक्षेइतकी विक्री झाली नाही. सिम्प्युटरला केवळ ‘फसलेला स्वस्त संगणक’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती मात्र एकांगी वाटते.

खुले किती, बंद किती : नोकियाची ७७० (२००५), एन-८००, एन-८१० (दोन्ही २००७) आणि एन-९०० (२००९) ही यंत्रे डेबियनवर आधारलेल्या ‘मेमो’ प्रणालीची. पहिल्या तिन्हींत फोन नव्हता, एन-९०० मध्ये तो आला. लिनक्स यंत्राची मालकी म्हणजे नेमके काय मिळते, हे पाहायला ती उत्तम उदाहरणे आहेत. कर्नल खुला, बरेचसे प्रोग्रॅम खुले, ‘रूट’चा म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा अधिकार मिळवणे सोपे. पण बॅटरी चार्ज करणारा ‘बीएमई’ हा प्रोग्रॅम बंद, म्हणजे मूळ संहिता खुली न केलेला, होता. कोणी दुसरे वितरण चढवले, तर सर्व काही चाले, फक्त बॅटरी भरत नसे. त्याचे वागणे बाहेरून न्याहाळून पर्यायी प्रोग्रॅम लिहावा लागला. वायफायच्या ड्रायव्हरचा (तो घटक चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) काही भागही आरंभी बंद होता. ग्राफिक्सचा पॉवरव्हीआर हा भाग तर एन-९०० मध्ये आणि २०१० मध्ये आलेल्या ओपनपँडोरातही बंदच होता. विरुद्ध टोकाला ची हार्डवेअरचा बेन नॅनोनोट येतो. त्याचे आराखडेही खुले होते, पण ३२ एमबी रॅम आणि ३३६ मेगाहर्ट्‌झचा मिप्स प्रोसेसर असलेल्या या यंत्रात वायफायच नव्हते.

बंद ड्रायव्हरचा परिणाम यंत्राच्या आयुष्यावर होतो. तो ठरावीक कर्नल आवृत्तीसाठी बांधलेला असतो, त्यामुळे यंत्र त्याच आवृत्तीत अडकते. पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या तेथवर पोचत नाहीत. याउलट ज्या यंत्राला लागणारे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये शिरले, ते निर्मात्याने वाऱ्यावर सोडल्यावरही चालत राहते. एन-९०० साठी ‘मेमो लेस्टे’ हे वितरण आजही उपलब्ध आहे.

आर्म प्रोसेसरच्या बाबतीत आणखी एक अडथळा येतो. स्ट्राँगआर्म आणि त्यानंतरच्या एक्सस्केलमध्ये अपूर्णांकी गणिताचा घटक नव्हता. जुन्या बांधणीचे (कंपाइल करण्याच्या जुन्या पद्धतीचे) प्रोग्रॅम तरीही तशा आज्ञा देत, आणि कर्नल प्रत्येक आज्ञा अडवून तिचे सोंग वठवी. यात वेळ फार जाई. डेबियनने २००९ मध्ये ‘आर्मेल’ ही नवी बांधणी आणली आणि २०१३ मध्ये हा घटक असलेल्या प्रोसेसरसाठी ‘आर्महेफ’. या तीन बांधण्यांचे प्रोग्रॅम एकमेकांत मिसळत नाहीत. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने पॅकेज कोणत्या बांधणीचे हे आधी पाहावे. चुकीचे पॅकेज चालवल्यास ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो, आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते. सापडत नसतो तो तिला मेमरीत आणून सुरू करणारा लोडर.

वापर : पत्ते, दिनदर्शिका, पुस्तके, गाणी हे उपयोग इतर हँडहेल्डसारखेच. खास उपयोग टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याच्या खिडकीचा. एसएसएच या सुरक्षित जोडणीने दूरच्या सर्व्हरवर शिरून काम करणे हा प्रणाली-व्यवस्थापकांचा आवडता वापर होता. त्यासाठी कीबोर्डावर टॅब, कंट्रोल, एस्केप आणि ‘पाइप’ची उभी रेघ कुठे आहे हे प्रोसेसरच्या वेगापेक्षा महत्त्वाचे ठरते. एन-९०० च्या तीन ओळींच्या कीबोर्डवर अशी कित्येक चिन्हे कळ दाबून वेगळ्या तक्त्यातून निवडावी लागत. मोठ्या संगणकाशी जोडणी बहुधा यूएसबीच्या तारेवरून, पण नेटवर्कच्या रूपात होई. झौरसचा ठरलेला पत्ता १९२.१६८.१२९.२०१ जुन्या मालकांना अजून पाठ असतो. नवी प्रणाली चढवण्यापूर्वी मूळ फ्लॅशची प्रत काढून ठेवणे हा शिरस्ता आहे, आणि तो मोडणाऱ्याला सहसा एकदाच मोडता येतो.

खेळांसाठीच्या हँडहेल्डची शाखा कोरियाच्या जीपी-२एक्स (२००५) या दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रापासून ठळक होते. आर्च लिनक्सवर आधारित प्रणाली असलेला व्हॉल्व्हचा स्टीम डेक (२०२२) हा तिचा सर्वांत प्रसिद्ध वंशज. त्याचा प्रोसेसर पीसीच्याच घराण्यातला असल्याने आर्मच्या बांधण्यांचा घोळ तेथे नाही, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर खुला आहे. मात्र प्रणालीचा मूळ भाग केवळ वाचण्यापुरता उघडा असतो. मालकाला एका आज्ञेने ते कुलूप काढता येते, पण पुढचे अद्यतन आले की त्या भागात त्याने बसवलेली पॅकेजे पुसली जातात.