टीव्हीजवळ ठेवायचा छोटा पीसी : गेम स्ट्रीमिंगसाठी काय घ्यावे, काय टाळावे

गेमिंग पीसी वरच्या माळ्यावर आणि मोठा टीव्ही खाली हॉलमध्ये, अशी सोय असलेल्या घरांसाठी हे पत्रक. पीसीवरचा गेम घरच्याच नेटवर्कवरून टीव्हीवर खेळता येतो. पीसीवर गेमचे चित्र पाठवणारे सनशाइन आणि टीव्हीजवळच्या छोट्या पीसीवर ते दाखवणारे मूनलाइट, ही दोन अॅप टाकायची, दोन्ही मोफत. स्टीमवरच खेळत असाल तर त्याचे रिमोट प्लेही चालते. इंटरनेटचा प्लॅन किती एमबीपीएसचा आहे, याच्याशी याचा संबंध नाही.

टीव्ही अँड्रॉइड असेल तर आधी त्यावरच मूनलाइट टाकून बघा. समाधानकारक चालले, तर आमच्याकडून काहीच घेऊ नका.

छोटा पीसी गेम चालवत नाही. आलेला व्हिडिओ उलगडतो आणि कंट्रोलरची बटणे परत पाठवतो, बस. म्हणून आय७ किंवा ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका. ८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी पुष्कळ झाली. बघायचे ते एवढेच, की एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत) पद्धतीचा व्हिडिओ चिप स्वतः उलगडते का. इंटेलमध्ये ही सोय सहाव्या पिढीपासून आहे, एचडीआरला (उजेड-अंधार जास्त खुलवणाऱ्या चित्राला) लागणारी १० बिटची सातव्यापासून. चौथ्या पिढीचे डबे (म्हणजे हे छोटे पीसी) स्वस्त मिळतात, पण ते १०८०पीपुरतेच.

जुन्यात डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी हे सातव्या पिढीचे डबे चांगले. मात्र त्या काळच्या एचडीएमआय पोर्टवर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळते. ६० हवे असेल तर डिस्प्लेपोर्टमधून अॅक्टिव्ह (सिग्नल स्वतः बदलणारा) अॅडॉप्टर लावून टीव्हीला जोडा. साध्या अॅडॉप्टरने काम होत नाही. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून चालते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अशा डब्यावर आम्ही लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला सांगतो. पॉवर अॅडॉप्टर मूळ कंपनीचाच घ्या. डेलचा डबा डुप्लिकेट अॅडॉप्टर ओळखत नाही आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करतो.

नवा घ्यायचा तर इंटेलच्या एन१०० चिपचा. वीज अगदी कमी खातो आणि एव्ही१ या नव्या पद्धतीचा व्हिडिओही उलगडतो. पण मोठ्या पीसीत आरटीएक्स ४० मालिकेसारखे एव्ही१ बनवणारे कार्ड नसेल, तर त्याचा उपयोग नाही.

तक्रारी येतात त्या बहुतेक डब्याच्या नसतात, नेटवर्कच्या असतात. सेकंदाला ६० फ्रेम असतील, तर मूनलाइट १०८०पीला २० एमबीपीएस आणि ४के ला ८० एमबीपीएस धरते. वेग फार लागत नाही, तो एकसारखा लागतो. निदान मोठा पीसी तरी राउटरला कॅट ६ वायरने जोडा. वायर टाकून घेताना आठही तारा क्रिंप करून घ्या. चारच जोडल्या तर लिंक १०० एमबीपीएसवर अडकते आणि ४के अडखळते. वायर शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झ वायफाय, तेही राउटर त्याच खोलीत असेल तर. २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते आणि ब्लूटूथ कंट्रोलरही तिथेच असतो, म्हणून बटणे उशिरा लागतात.

मूनलाइटला पीसी दिसतच नसेल, तर घरात दोन राउटर आहेत का बघा. फायबरवाल्याचा एक आणि तुमचा दुसरा, आणि पीसी एकावर, टीव्ही दुसऱ्यावर, हा नेहमीचा घोळ. दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न करता पहिल्याचेच नेटवर्क पुढे देईल. गेस्ट वायफायवरही पीसी दिसत नाही.

खेळताना कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+एस दाबा, आकडे दिसतील. ६० फ्रेमला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. डिकोडचा (व्हिडिओ उलगडण्याचा) वेळ त्याच्या जवळ गेला तर डबा कमी पडतोय. नेटवर्कमध्ये फ्रेम गळत असतील तर वायर किंवा वायफाय. दोन्ही ठीक असूनही बटण उशिरा लागत असेल, तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्रच येत नसेल आणि पीसीचा मॉनिटर बंद असेल, तर मोठ्या पीसीला डमी एचडीएमआय प्लग (मॉनिटर जोडल्याचे भासवणारा) लावा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. डबा टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका, आणि कूलरच्या झोतातही नको. ओलसर हवेसोबत धूळ आत चिकटते. जुन्या डब्याची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारा लेप) घेतानाच बदलून घ्या.

दुकानात येताना टीव्हीच्या मागच्या पोर्टांचा, राउटरचा आणि मोठ्या पीसीच्या ग्राफिक्स कार्डाचा फोटो आणा. भाव रोज बदलतात, ते काउंटरवरच विचारा.